दुसऱ्याच्या उंबऱ्यावर भरलेली घागर

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचतो आणि वाचून झाल्यावर खाली खोचक कॉमेंट टाकतो, हे आधीच सांगितलेलं बरं. कुणाला पिंपळाखाली पांढऱ्या साडीतली बाई दिसली की मी विचारणार, भाऊ, चष्म्याचा नंबर कधी तपासला होता? त्यामुळे आज मीच लिहायला बसलोय हे बघून काही जणांना हसू येईल. खुशाल हसा. मला तक्रार करायला तोंड नाही.

माझा धंदा मोटार रिवायंडिंगचा. जळगावात पिंप्राळ्याला रस्त्याच्या अंगाला दुकान आणि मागच्या गल्लीत घराचं दार. असोदा, जामनेर, कुठून कुठून जळालेल्या पाणबुडी मोटारी माझ्याकडे येतात. आणणारा प्रत्येक जण एकच सांगतो — काही केलं नाही हो, आपोआप जळाली. आपोआप काही जळत नसतं. व्होल्टेज कमी असतं, बेअरिंग घासलेलं असतं, नाहीतर बोअरचं पाणी खाली गेलेलं असतं आणि मोटार कोरडी फिरत राहते. कॉइल उलगडत गेलं की कारण सापडतंच. भूत, करणी, बाहेरचं... हे सगळं मी त्याच रांगेत बसवलं होतं. ज्याने कॉइल उलगडलं नाही त्याला ते आपोआप वाटतं, बस.

पुढचं जे आहे ते मी वर्षभर उलगडतोय. कारण सापडलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षा लाजच जास्त वाटते. नुसती भीती असती तर चारचौघांत रंगवून सांगून केव्हाच मोकळा झालो असतो.

आमचं मूळ गाव कापडणे, धुळे जिल्हा. वडील, म्हणजे आबा, अजून तिथेच राहतात. आईला आम्ही माय म्हणायचो. ती दीडेक वर्षापूर्वी, दिवाळी झाल्यावर गेली. कडबा कापायच्या यंत्रात तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट पेरभर गेलेलं होतं, मी लहान असतानाच. पण कुंकू लावायचं ते त्याच बोटाने. त्यामुळे मायने लावलेलं कुंकू ओळखू यायचं. इतरांचं गोल टिकली, हिचा पसरट ठसा. शाळेत पोरं मला त्यावरून चिडवायची.

आणि तिची एक खोड होती. माय कुठेही गेली तरी एकटी परत यायची नाही. बाजाराला गेली, स्टँडवर कुणा बाईची धुळ्याची गाडी चुकली, की घेऊन आली घरी. दूर गावचा भंगारवाला, मेंढ्या घेऊन चाललेला ठेलारी, कुणीही. पाणी पाजल्याशिवाय ती कुणाला उंबऱ्यावरून जाऊ द्यायची नाही, आणि पाणी प्यायल्यावर भाकरही खायला लावायची. तिची चाहूल लागली की आबा ओसरीवरूनच विचारायचे, "आज कितला शेतस?" आज किती जण आहेत म्हणून. ती चिडायची, पण आत जाऊन भाकरीचं पीठ जास्तच घ्यायची.

आता आखाजीचं सांगतो, कारण इथे सगळे खान्देशातले नाहीत. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात आणि त्या दिवशी पितरांसाठी घागर भरतात. मातीच्या घागरीत पाणी, तिच्यावर लहान मडकं, त्यावर खरबूज, सांजोऱ्या, कैरी. मग घराच्या उंबऱ्याची पूजा करायची आणि गेलेल्या एकेका माणसाचं नाव घेऊन उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढायचं. एक नाव, एक बोट. नाव घेतलं की तो माणूस उंबऱ्याशी येऊन पाणी पितो, असं मानतात. माणूस गेल्यावरची पहिली घागर तर कुणी चुकवत नाही.

मायची पहिली घागर गेल्या वर्षी होती, आणि त्याच आठवड्यात माझ्या मेहुण्याने, शरदने, कोकणची ट्रिप ठरवली. टेम्पो ट्रॅव्हलर सांगून झाली, खोल्या बुक झाल्या, माझी मुलगी मृणाल बारावीतून सुटलेली, बायको सुरेखाची भावंडं वर्षांनी एकत्र येणार. तारखा बघितल्या तर आखाजी नेमकी विजयदुर्गच्या मुक्कामात येत होती. मी शरदला एक फोन करून तारीख बदलू शकलो असतो. पण सासरची माणसं म्हणतील, याच्याकडे अजून हे असलं चालतं... मी फोन केला नाही. उलट कापडण्याला जाऊन आबांनाच समजावलं. म्हटलं, तुम्हीही चला, घागर तिकडे भरू. मायने कधी समुद्र पाहिला नव्हता. समुद्राच्या काठावर तिला पाणी दिलं तर तिलाही आवडेल.

आबा म्हणाले, "पह्यला सालनी घागर शे, भाऊ. ती आपलाच उंबरावर भरनी पडस." मी पुन्हा समुद्राचं काढलं. मायचं नाव घेतलं की आबा विरघळतात हे मला माहीत होतं, आणि मी ते वापरलं. शेवटी ते उठले आणि कुंभाराकडून घागर घेऊन आले. जळगावपासून कोकणापर्यंत ती घागर त्यांनी उपरण्यात गुंडाळून मांडीवर धरली होती. शरदची पोरं म्हणत होती, आबा, मागे सामानात ठेवा ना. ते नुसते हसायचे.

विजयदुर्ग म्हणजे समुद्रात घुसलेलं जमिनीचं टोक आणि त्या टोकावर किल्ला. तीन बाजूंना पाणी, एका अंगाला वाघोटणची खाडी. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकूंनी पहिल्याच संध्याकाळी अंगणात बसून पेशवाईतल्या लढाईचं सांगितलं. किल्ल्याखालच्या खाडीत आपलं आरमार नांगरलेलं होतं. समुद्रातून इंग्रजांची जहाजं आली, आणि जमिनीवरून त्यांच्या जोडीला कोण, तर आपलेच मराठे, घाटावरून उतरलेले. तोफेच्या गोळ्याने एक जहाज पेटलं, त्याचं दुसऱ्याला लागलं, आणि दिवस मावळेपर्यंत सगळं आरमार माणसांसकट जळून गेलं. किल्ल्यातले लोक वरून बघत होते आणि घाटावरचे समोरून बघत होते. शरदने लगेच विचारलं, इथे मासे ताजे मिळतात ना?

आखाजीच्या सकाळी आबा आंघोळ करून तयार, आणि मग कळलं की खोलीला उंबराच नाही. नव्या बांधकामाच्या खोल्या, आतबाहेर एकसारखी टाइल. काकूंच्या स्वतःच्या घराला उंबरा होता, पण दुसऱ्याच्या नांदत्या घरात आपली पितरं कशी बोलवायची, म्हणून आबा तयार होईनात. फिरत फिरत ते किल्ल्यात शिरले, मागून मी घागर घेऊन. समुद्राच्या अंगाला तटात एक लहान दरवाजा आहे. दार केव्हाच गेलंय, पण खाली दगडी उंबरा आहे, मधोमध पाय पडून पडून झिजलेला. आबांनी तो हाताने झाडला आणि म्हणाले, हे कुणाचंच घर नाही, इथे चालेल.

आता वाटतं, आमच्यासारख्याच माणसांकडून ही चूक होऊ शकते. कोकणातल्या माणसाने असं कधी केलं नसतं. त्याला ठाऊक असतं तो उंबरा कुणाचा आहे.

सुट्टीचा दिवस, किल्ल्यावर गर्दी. आबांनी घागर मांडली, सुरेखाने डब्यातल्या सांजोऱ्या दिल्या, आणि धोतर-टोपीतला म्हातारा काय करतोय म्हणून लोक जमले. दोन-चार जणांनी मोबाइल काढले. एका मुलीने रील करत विचारलं की ही कुठली ट्राइब आहे. शरद एकदम तटाचे दगड बघत लांब गेला. आबांनी उंबऱ्यावर कुंकवाचं बोट ओढलं आणि मायचं नाव घेतलं, मोठ्याने, शेतातून हाक मारावी तसं. "ये वं. पानी पी ले." त्यांचा आवाज फुटला होता. आणि मी, तिचा मुलगा, त्यांच्या कानाशी वाकून म्हणालो, आबा, जरा हळू.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढची नावं घेतलीच नाहीत. खरं तर आजोबा, पणजोबा, सगळ्यांची घ्यायची असतात. आणि शेवटी, ज्यांची नावं माहीत नाहीत त्या सगळ्यांसाठी एक बोट. ते सगळं राहिलं.

मी मंडळींना घेऊन बुरुजाकडे फोटो काढायला गेलो. आबा घागरीशी बसून राहिले. परत आलो तर घागर रिकामी होती. सांडलेली नाही, फुटलेली नाही. मी हात घालून पाहिलं, आतून तळाला थोडा ओलावा, बाकी खडखडीत. वरचं मडकंही रिकामं. मी म्हटलं, कोरी घागर आहे, पाणी पिते, त्यात वारा केवढा आहे. उंबऱ्यावर आबांनी ओढलेल्या लाल बोटाच्या शेजारी ओल्या रेघा होत्या, ओळीने. मी म्हटलं, लाटेचे तुषार. लाट त्या दरवाज्यापर्यंत येत नव्हती, हे मी तेव्हाच पाहिलं होतं, पण बोललो नाही.

आबा एवढंच म्हणाले, "अठे भलती गर्दी शे रे." मला वाटलं, मोबाइलवाल्यांबद्दल बोलतायत.

काकूंना संध्याकाळी कळलं. कुठल्या दरवाज्यात, हे त्यांनी दोनदा विचारलं. रागावल्या नाहीत. भांडी आवरता आवरता म्हणाल्या, "घाटावरच्यांनी तिथे पहिल्यांदाच पाणी ठेवलं असेल." मला ते टोमण्यासारखं लागलं आणि मी मृणालला घेऊन आईस्क्रीम खायला निघून गेलो. रिकामी घागर आबांनी परत उपरण्यात गुंडाळली.

जळगावला आलो तेव्हा आमच्याकडचा मे महिना भरात होता. दुपारी गल्लीत कुत्रं दिसत नाही असं ऊन. आबा थोडे दिवस आराम करतो म्हणून आमच्याकडे थांबले आणि ती घागर त्यांनी दाराशी आतल्या बाजूला, माठाशेजारी ठेवली. आमच्या घराचा उंबरा काळ्या ग्रॅनाइटचा आहे. त्या दिवसांत दुपारी त्याला पाय लागला तर चटका बसायचा.

दुसऱ्या दिवशी जेवायला घरात आलो तर उंबऱ्यावर ओल्या रेघा. बोटाएवढ्या, उभ्या, एकीशेजारी एक, या कडेपासून त्या कडेपर्यंत. सुरेखाला विचारलं, पाणी कुणी सांडलं? कुणीच नाही. मी पाय पुसायचं फडकं फिरवलं. जेवून बाहेर निघालो तर रेघा पुन्हा होत्या. आणि पहिल्या ज्या वाळल्या होत्या तिथे पांढरं काहीतरी राहिलं होतं. मी बोट लावून जिभेवर ठेवलं. मीठ.

मग मी माझं काम सुरू केलं. नळाची लाइन दारापासून लांब. एसीचं पाणी मागे पडतं. शेजाऱ्यांची सांडपाण्याची पाइप पाहिली, कोरडी. जमिनीतून ओल वर येते का म्हणून उंबऱ्याच्या कडेचा सिमेंटचा जोड छिन्नीने उकरला. आतली माती भाजून निघाल्यासारखी, फुंकर मारली तर उडाली. असोद्याचा एक ओळखीचा बोअरवाला आणला. तो म्हणाला, इथलं पाणी जड आहे, क्षार राहतात. मी म्हटलं, राजा, क्षाराला पाणी तर लागेल ना आधी!

शिवाय माठ. सुरेखा सकाळी माठ काठोकाठ भरायची आणि दुपारी तो तळाला गेलेला असायचा. आधी तिने मृणालवर राग काढला, मग माझ्या दुकानातल्या कारागिरांवर. घाबरायची नाही ती, पण दुपारी त्या दारातून ये-जा करायची तिने बंद केली. मृणालने फोटो काढले तर फोटोत नुसता काळा दगड. तिने ते तरीही मामाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले आणि शरदने लिहिलं, दाजींच्या घरी समुद्र आला, पुढची ट्रिप पिंप्राळ्याला. सगळ्यांनी हसण्याचे इमोजी पाठवले. गल्लीत कुजबुज सुरू झाली. ज्या माणसाने भुतांवर आयुष्यभर दात काढले, त्याच्याच दारात हे. मला दुकानात बसणं नको झालं.

आबा मात्र शांत होते. दुपारी ते दाराजवळच्या खाटेवर पडलेले असायचे. एकदा मी पाहिलं, ते उठले, माठातून तांब्या भरला आणि उंबऱ्याशी ठेवून परत पडले. मी विचारलं, कुणासाठी? म्हणाले, ऊन कितलं शे. मग थोड्या वेळाने मला विचारलं, माय पाणी प्यायली असेल का रे तिकडे? एवढ्या गर्दीत तिला कुणी पुढे येऊ दिलं असेल का? त्यांना रात्रंदिवस तेवढंच लागून राहिलं होतं. बाकी उंबऱ्यावर काय उमटतंय याचं त्यांना नवल नव्हतं. आपली बायको तहानलेली राहिली की काय, एवढीच काळजी. मी म्हटलं, आबा, असं काही नसतं.

पुढच्या आठवड्यात कापडण्याला भाऊबंदात लग्न होतं. आबा दोन दिवसांसाठी गेले, सुरेखा आणि मृणाल त्यांच्याबरोबर. मी म्हटलं, सीझन आहे, मोटारी पडल्यात, मी थांबतो. खरं म्हणजे मला उंबऱ्याचा निकाल लावायचा होता.

दुपारची वेळ. लाइट गेलेली, दुकान बंद, गल्लीत चिटपाखरू नाही. रेघा आल्या होत्या, रोजच्यापेक्षा दाट. मी बाथरूममधली ऍसिडची बाटली आणि तारेचा ब्रश घेतला. ऍसिड एका कडेपासून ओतत गेलो. कडेच्या उकरलेल्या सिमेंटचा फेस व्हायला लागला, नाकात वाफ गेली, डोळ्यांतून पाणी आलं. आणि मी घासत होतो आणि बोलत होतो. आवाज चढवून. निघा इथून, माझ्या दारात काय आहे तुमचं, मी बोलावलं होतं का तुम्हाला... समोर कुणी नाही आणि मी ओरडतोय. तेव्हासुद्धा मनात हेच होतं की खिडकीतून कुणी बघत तर नाही ना.

घासत घासत दुसऱ्या कडेला आलो. बिजागरीच्या बाजूला, जिथे माय आमच्याकडे आली की पाय पसरून भिंतीला टेकून बसायची, तिथे शेवटची रेघ होती. इतर रेघांसारखी निमुळती नाही. आखूड, सुरुवातीला पसरट, पेर नसलेल्या बोटाची.

ऍसिड तोवर पडलं होतं. मी ब्रश फेकला आणि हाताने ते अडवायला गेलो. तळहात भाजला, त्याचा डाग अजून आहे. धावत जाऊन बाथरूममधली भरलेली बादली आणली आणि उंबऱ्यावर उपडी केली. सगळा फेस वाहून पायरीवर गेला. दगड स्वच्छ झाला, दुकानात विकायला ठेवतात तसा. मी तिथेच खाली बसलो. म्हटलं, माय, तू आहेस हे मला दिसलं नाही गं. कितीतरी वेळ तेच तेच म्हणत राहिलो. दगड वाळला. त्यावर पुन्हा काही उमटलं नाही.

त्या दिवसापासून सगळं थांबलं. माठ भरलेला तो संध्याकाळपर्यंत भरलेलाच. सुरेखा खूश. शरदने ग्रुपवर लिहिलं, दाजींनी समुद्र हटवला. कुणीतरी वैज्ञानिक दृष्टिकोन वगैरे म्हणालं, आणि गल्लीतले लोक विचारायला आले की कुठलं ऍसिड वापरलं. मी सांगितलं सुद्धा. हाताला काय झालं विचारलं तर म्हणालो, मोटारीचं गरम वार्निश सांडलं. आबा परत आले, उंबऱ्याकडे पाहिलं, हाताला लावलेल्या पट्टीकडे पाहिलं, आणि खाटेवर जाऊन बसले. संध्याकाळी ती घागर उपरण्यात बांधून कापडण्याला निघून गेले. मी सोडायला येतो म्हटलं तर नको म्हणाले.

वर्षभर मी हे कुणाशी बोललो नाही. आबा दर फोनला, इकडचं तिकडचं झालं की शेवटी एकदा विचारायचे, तुले काय वाटस, तिनं पानी पेलं व्हई का? मी विषय बदलायचो. उलगडायचा प्रयत्नही केला. बायको गेल्याच्या दुःखाने आबाच माठ रिकामा करत असतील, पाण्यात मीठ घालून बोटं उठवत असतील... पण त्या दुपारी आबा कापडण्यात होते, शंभर माणसांत, लग्नाच्या पंगतीत. आणि ते बोट त्यांना काढता आलं नसतं. कुणालाच आलं नसतं.

यंदाची आखाजी कापडण्याला केली. मी कुठेही गेलो नाही, दोन दिवस आधीपासून तिथेच. आमच्या घराचा सागवानी उंबरा, मायने रोज पुसून गुळगुळीत केलेला. आबांनी तीच घागर भरली. सगळ्यांची नावं घेतली, या वेळी सावकाश, मोठ्याने, आणि मायचं नाव आल्यावर थांबून माझ्याकडे पाहिलं. पूजा झाली, बाकीचे आत जेवायला गेले. आम्ही दोघंच ओसरीवर. उंबऱ्याकडे बोट करून आबांनी विचारलं, "उनी का रे?" आली का म्हणून.

उंबरा कोरडा होता. मी हो म्हणणार होतो. म्हाताऱ्या माणसाला एवढं समाधान द्यायला काय जातं, असं ठरवूनच आलो होतो. पण तोंडातून सगळं खरं बाहेर पडलं. ऍसिड, ब्रश, मी काय काय बोललो ते, आणि कडेची ती आखूड रेघ. म्हटलं, आबा, ती आली होती. पिंप्राळ्याला आली होती, त्या लोकांच्या गर्दीत. त्यांना हाकलता हाकलता मी तिलाही हाकललं.

मला वाटलं होतं, आबा रडतील किंवा मारतील. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. मग इतक्या हळू बोलले की मला वाकावं लागलं.

"तिले गर्दी आडवी उनी नही, भाऊ. ती कव्हय एकटी घर उनी का?"

ती कधी तरी एकटी घरी आली होती का, असं विचारून ते उंबऱ्याकडे बघत पुढे म्हणाले,

"तठे तिले त्या दिखनात व्हतीन. तिसना मारेल. मंग ती त्यास्ले आपला घर लई उनी. त्या तिनाच पाव्हना व्हतात."

तिथे तिला ते तहानेने मेलेले दिसले असतील, म्हणून त्यांना घेऊन ती आपल्या घरी आली. ते तिचे पाहुणे होते. जळत्या जहाजांवरची माणसं, चारी बाजूंना पाणी असून घोटभर प्यायला मिळालं नाही अशी, ज्यांच्याकडे आपलीच माणसं उभी राहून बघत होती... त्यांना माय मुलाच्या घरी घेऊन आली होती. स्टँडवरून आणायची तशी. रोज दुपारी माठातलं पाणी पाजत होती. आणि मुलाने त्यांच्या अंगावर ऍसिड ओतलं, तिच्यादेखत.

आबांनी कुंकवाची वाटी माझ्यापुढे सरकवली. म्हणाले, त्यांच्यासाठी तू बोटं ओढ. मी म्हटलं, मला त्यांची नावं माहीत नाहीत. "नाव नही तरी वढ." मी उंबऱ्याच्या एका कडेपासून ओढत गेलो, भाजलेल्या हाताने, वाटीतलं कुंकू संपेपर्यंत. आबांनी सगळ्यात शेवटी, बिजागरीच्या बाजूला, थोडी जागा मोकळी ठेवायला सांगितली. दिवसभर आम्ही दोघं तिथे बसून होतो. संध्याकाळी घागर पाहिली. जेवढी भरली होती तेवढीच होती.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. मीठ कुठून आलं, पाणी कुठे गेलं, मला ठाऊक नाही. कुणी मला चष्म्याचा नंबर विचारला तर मी सांगेन, गेल्याच महिन्यात तपासलाय. आबा म्हणतात, येतीन, आज नही ते पुढला सालले. मी पिंप्राळ्याच्या दाराशी मोठा रांजण ठेवलाय, रोज सकाळी भरतो, आणि दुपारी दुकान बंद करून घरी येताना लांबूनच उंबऱ्याकडे बघतो. कोरडा असतो.

त्यांच्या जागी मी असतो, तर मीही आलो नसतो.